दोन झडपांचं दार आणि पितळी मुठी

प्रश्न : देवगड तालुक्यात आमचं गावचं घर नव्याने बांधलं. चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी. जुन्या घराचं दोन झडपांचं सागवानी दार आणि गणेशपट्टीची चौकट जपून ठेवली होती, तीच पुन्हा बसवली. दाराच्या पितळी कड्या मात्र मधल्या काळात चोरीला गेल्या. आता हँडल कोणतं लावायचं यावर घरात एकमत नाही. सुतार म्हणतो, फिरवायच्या हँडलचं मोर्टाइज लॉक बसवू, नुसत्या शोभेच्या मुठी काय कामाच्या? मुलगा पुण्याहून दोन फुटी स्टीलच्या दांड्यांचे फोटो पाठवतो. मला ऑनलाइन पाहिलेल्या हत्तीच्या सोंडेच्या पितळी मुठी फार आवडल्यात. सासूबाई बारा महिने इथेच असतात, त्यांची बोटं आखडतात. पुढे जाळीचं दारही करायचं आहे. शोभेच्या मुठी घ्याव्यात का? घ्यायच्या तर कशा?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

घ्या. तुमच्या दाराला नुसत्या ओढायच्या मुठीच योग्य आहेत. सुताराच्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्या पत्रातच आहे. चोरीला गेलेल्या त्या कड्या तरी काय अडकवत होत्या? दार बाहेरून बंद व्हायचं ते साखळी वरच्या कोयंड्यात घालून, आणि आतून अडसर किंवा आडणा लावून. कडी होती ती झडप ओढायला आणि कोणी आलं तर वाजवायला. हातात धरायची वस्तू वेगळी आणि दार अडवणारी वस्तू वेगळी, ही आपल्याकडच्या दारांची जुनीच रीत आहे. मुठीवर कुलपाची जबाबदारी नसली की ती निवडताना फक्त हात आणि डोळा या दोघांचं ऐकायचं. एवढं मनाशी पक्कं केलंत की घरातले वाद बरेचसे आपोआप मिटतील.

मोर्टाइज लॉकबद्दल मी ठामपणे नको म्हणेन. हे कुलूप दाराच्या जाडीत, कडेला खोल खाच पाडून बसवावं लागतं. नव्या दारात ते उत्तम. जुन्या सागवानी झडपेत मात्र कुलपाच्या उंचीवरच मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीत घुसवलेली असते. खाच पडते ती नेमकी त्या सांध्यावर. इतकी वर्षं जी झडप एका सांध्याच्या जोरावर सरळ उभी आहे, त्याच सांध्याचं लाकूड पोखरायचं, तेही मूठ फिरावी एवढ्यासाठी? त्याऐवजी झडपेच्या आतल्या अंगावर स्क्रूने बसणारं कुलूप घ्या. त्याला दारात एकच गोल भोक लागतं, किल्लीच्या सिलिंडरपुरतं. ते भोकही सांध्याच्या वर किंवा खाली, सरळ उभ्या पट्टीत पाडायला सांगा.

कुलूप निवडताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दार ढकललं की आपोआप लागणारं नाइट लॅच घेऊ नका. मूठ फिरणारी नाही, म्हणजे बाहेरून उघडायला किल्लीशिवाय काहीच नाही. सासूबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या, खाडीकडून वारा आला आणि झडप आपटली, तर त्या बाहेर आणि किल्ली आत. तेव्हा बाहेरून किल्लीने आणि आतून बोटांनी कळ फिरवली तरच दांडा बाहेर येईल, असं कुलूप मागा. आतल्या बाजूलाही किल्लीच लागते असली कुलपं मिळतात. ती म्हाताऱ्या माणसांच्या घरात नकोतच. रात्री घाईने बाहेर पडायची वेळ आली तर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो.

मग दिवसभर दार नुसतं लोटलेलं कसं राहील? त्याला बॉल कॅच लावा. स्प्रिंगवर दबणारी छोटी गोळी असते, ती झडपेच्या वरच्या कडेत बसते आणि चौकटीतल्या पट्टीच्या खळग्यात अडकते. थोडं ढकललं की उघडतं, वाऱ्याने मात्र सहसा उघडत नाही. किंमत किरकोळ, पण शोभेच्या मुठी लावलेलं दार याच्याशिवाय बसवू नये असं माझं मत आहे. लोक मुठींवर हजारो रुपये घालवतात, हे विसरतात आणि मग दाराला दगड लावून ठेवतात.

दुसरी झडप, जी रोज उघडत नाही, तिला वर आणि खाली असे दोन सरकते बोल्ट हवेतच, कारण कुलपाचा दांडा शेवटी तिच्यातच जाऊन अडतो. ती हलली की कुलूप कितीही भारी असलं तरी दार हलतं. खालचा बोल्ट उंबऱ्यात किमान इंचभर जाऊ द्या आणि तिथल्या भोकात पितळी नळी बसवून घ्या, नाहीतर माती साचून बोल्ट अर्ध्यावरच थांबतो. गणपती घरात येतात तेव्हा दोन्ही झडपा सताड उघडायच्या असतात, तेव्हा नेमका हाच बोल्ट रुसतो.

आता मुठींकडे वळू. आधी सासूबाईंचा हात.

आपली पुढची दारं आत उघडतात. म्हणजे बाहेरून आत येताना आपण दार ढकलतो, बाहेरची मूठ ओढतो ती फक्त जाताना दार मागे ओढून घ्यायला. आतून दार उघडायला मात्र प्रत्येक वेळी ओढावंच लागतं. खरं काम आतल्या मुठीला आहे. आणि बहुतेक घरांत नेमकं उलटं केलेलं असतं. बाहेर नक्षीदार, जड, महागडी मूठ आणि आत दुकानदाराने वर फुकट दिलेलं पातळ पत्र्याचं हँडल. तुम्ही तसं करू नका. आतली मूठ सासूबाईंसाठी घ्या : उभी, सरळ दांड्याची, साधारण एक ते सव्वा इंच जाडीची, कडा गुळगुळीत, आणि दांडा व दार यांच्यामध्ये दीड इंचाची मोकळी जागा. आखडलेल्या बोटांना गोल नॉब पकडता येत नाही आणि लोंबती कडी आधी उचलावी लागते, तेही त्रासाचंच. सरळ दांड्यामागे चारही बोटं घालून ओढता येतं. मूठ घेण्याआधी शक्य असेल तर त्यांना दुकानात न्या. नाहीतर नमुना घरी आणा आणि त्यांना धरून बघायला सांगा. त्यांनी धरून पाहिल्याशिवाय मूठ पक्की करू नका.

उंची जमिनीपासून मुठीच्या मध्यापर्यंत 40 इंचांच्या आसपास बरी पडते. सासूबाई ठेंगण्या असतील किंवा वाकून चालत असतील तर 36 ते 38 वर आणा. उंबरा धरून मोजायचं की सोडून, यावर सुतारांचा घोळ होतो. जिथे पाय असतो तिथून मोजा, म्हणजे आतल्या फरशीपासून.

जाळीच्या दाराचा निर्णय मात्र मूठ घेण्याआधी व्हायला हवा. हा मुद्दा जरा हिशोबाचा आहे. चौकट पाच इंच खोल धरू. त्यातले पावणेदोन इंच सागवानी झडपेचे. जाळीचं दार त्याच चौकटीत बाहेरच्या कडेला बसवलं तर त्याचे सव्वा इंच गेले. मधे उरले दोन इंच. तुम्हाला आवडलेली सोंड दारापासून अडीच-तीन इंच तरी पुढे येत असणार. म्हणजे जाळीचं दार लागणारच नाही, किंवा लागताना रोज सोंडेवर आपटेल. अशी दारं मी कितीदा पाहिली आहेत : मूठ सुंदर, आणि तिला जागा द्यायला जाळीच्या दाराची पट्टी कापलेली.

यावर वाटा आहेत. जाळीच्या दारासाठी बाहेरून वेगळी चौकट घेता येते, पण तुमच्या नक्षीच्या चौकटीवर दुसरी चौकट चढवणं मला पटत नाही. गणेशपट्टी झाकली जाईल. ओटीलाच ग्रिल आणि जाळी करून घेता आली तर सगळ्यात चांगलं. ओटी सुरक्षित होते, संध्याकाळी डास येत नाहीत आणि जुनं दार उघडं-मोकळं दिसतं. ते जमणार नसेल आणि जाळी चौकटीतच येणार असेल, तर बाहेरून दाराला चिकटून राहणारी कडी लावा. ती दीड इंचाच्या आत मावते.

दिसण्याबद्दल बोलते. मुलाच्या दोन फुटी स्टीलच्या दांड्या वाईट नाहीत. शहरातल्या सपाट, एकसंध दारावर त्या छान दिसतात, कारण तिथे डोळ्याला धरायला दुसरं काही नसतं. तुमचं दार पॅनेलचं आहे. त्यावर उभ्या-आडव्या पट्ट्या, गोलची, खोलगट चौकोन आहेत. दोन फुटी दांडा त्या सगळ्यावरून सरळ रेघ मारत जाईल, आणि मधल्या आडव्या पट्टीपाशी जाऊन दाराची मांडणीच तोडेल. आठ ते दहा इंचांच्या वर तुम्ही जाऊ नये.

हत्तींबद्दलही मोकळेपणाने सांगते, रागावू नका. वर गणेशपट्टी आहे. तिथे गणपती बसलेले असताना खाली आणखी दोन हत्ती आले तर नजर दोन्हीकडे ओढली जाते आणि ज्या कोरीवकामासाठी तुम्ही चौकट जपली तेच मागे पडतं. साधी, भरीव, कडेला एखादी रेघ असलेली पितळी पट्टी आणि तिच्यावर कडी किंवा छोटा दांडा, एवढंच त्या दाराला शोभेल. तरीही हत्तीच हवे असतील तर दोन गोष्टी तपासा. सोंडेचं किंवा सुळ्याचं टोक बाहेर निघालेलं नसावं, नाहीतर येता-जाता पदर अडकतो. आणि जोडी डावी-उजवी आहे ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ऑनलाइन पुष्कळदा एकाच साच्यातले दोन नग जोडी म्हणून येतात आणि दारावर दोन्ही हत्ती एकाच दिशेला बघत बसतात.

मुठीच्या पाटीची, म्हणजे तिच्यामागच्या पितळी पट्टीची, रुंदी मोजताना दाराच्या मधल्या उभ्या पट्टीकडे नीट पाहा. दोन झडपांमधली फट झाकायला बाहेरून जी पट्टी असते, ती आत उघडणाऱ्या दारात रोज न उघडणाऱ्या झडपेला ठोकलेली असते आणि दुसऱ्या झडपेवर थोडी येते. सुतार सवयीने प्रत्येक झडपेच्या कडेपासून माप घेतो. मग दोन्ही मुठी आपापल्या कडेपासून सारख्या अंतरावर असतात, पण समोरून बघितलं तर जोडी मध्यावर दिसत नाही. झडपा कुठे मिळतात ते बघणाऱ्याला दिसतच नाही, त्याला ती पट्टी दिसते. म्हणून माप त्या पट्टीच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखं घ्या. उघडणाऱ्या झडपेची उभी पट्टी चार इंचांची असेल आणि त्यातला इंचभर झाकला जात असेल, तर मुठीला दिसणारी जागा तीनच इंच राहिली. त्यात दोन इंचांपेक्षा रुंद पाटी घेतलीत तर ती कोंबल्यासारखी दिसेल. पुठ्ठ्याचे तुकडे त्या मापाने कापा, दारावर चिकटवा आणि अंगणातून बघा. लांबून पाहिल्यावर जे खटकतं ते दुकानात हातात धरून कळत नाही.

धातू. समुद्र जवळ आहे, त्यामुळे यात कसूर करू नका. बाजारात "अँटिक पितळी" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं जस्ताच्या मिश्रधातूचं किंवा लोखंडाचं असतं, वर नुसता मुलामा. खाऱ्या हवेत मुलाम्याला बारीक फोड येतात, आणि खाली लोखंड असेल तर गंजाचे ओघळ सागवानावर उतरतात. लोहचुंबक जवळ न्या. चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला म्हणून पितळच असं मात्र नाही, जस्तालाही तो चिकटत नाही. मूठ उलटी करा आणि मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, खिळ्याने ओरखडा काढू द्या म्हणा. पिवळं निघालं तर पितळ, करडं-पांढरं निघालं तर नाही. दुकानदार ओरखडा काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. स्टीलच घ्यायचं ठरलं तर नेहमीच्या 304 ग्रेडचं न घेता 316 ग्रेडचं मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. 304 वर किनाऱ्यालगत तपकिरी डाग पडतात.

पितळ काळवंडेल, हे आधीच मान्य करा. दोन प्रकारचं पितळ मिळतं : लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक थर, मारलेलं आणि तसंच. लॅकरचं सुरुवातीला चकचकीत राहतं, पण हात लागून लागून एके ठिकाणी थर निघाला की तिथून डाग पसरतात आणि दार आजारी दिसतं. तसंच ठेवलेलं पितळ हळूहळू गडद होतं आणि जिथे हात लागतो तिथे सोनेरी राहतं. तुमच्या जुन्या दाराला हेच जास्त खुलेल. शिवाय दसरा-दिवाळीला घासायला ते सोपं.

बसवण्याच्या कामात घाई करू देऊ नका. जुन्या कड्यांची भोकं दारात असतीलच. ती लांबीने (पुट्टीने) भरू नका, सागवानी खुंटी ठोकून, वरून सपाट करून बुजवा. जमलं तर नवी पाटी त्यावरच येईल अशी निवडा. कडीने घासून लाकडात पडलेली अर्धगोल खूण असेल तर ती मात्र पॉलिशवाल्याला काढू देऊ नका. दाराचं वय त्या खुणेत आहे, आणि नवी कडी त्याच मापाची करून घेतलीत तर ती बरोबर त्या खाचेत येऊन टेकेल. पितळी माल ओतून देणारे कारागीर अजून आहेत, खुणेचं माप आणि फोटो नेलात तर करून मिळेल. लोंबती कडी वाऱ्याने खडखडू नये म्हणून खाली जिथे ती टेकते तिथे पितळी बटण लावायला सांगा.

बाहेरची आणि आतली मूठ आरपार बोल्टने एकमेकींना जोडली तर सर्वात भक्कम. बोल्ट आतून आवळलेले असले की बाहेरून कोणी मूठ काढून नेऊ शकत नाही, आणि तुमच्या कड्या एकदा गेलेल्याच आहेत. जिथे स्क्रूच लागतील तिथे पितळी किंवा स्टेनलेसचे वापरा. साधे लोखंडी स्क्रू सागवानात काळे डाग पाडतात. पितळी स्क्रू मऊ असतात, जुन्या टणक सागवानात पिळताना त्यांचं डोकं तुटतं. म्हणून आधी बारीक भोक पाडायचं, त्यात त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू एकदा घालून काढायचा आणि मग पितळी स्क्रूला मेण किंवा साबण लावून हलक्या हाताने पिळायचा. चांगल्या सुताराला हे ठाऊक असतं. नसेल तर तुम्ही सांगा, त्यात संकोच नको.

पावसाळ्यात झडप फुगेल आणि दार घट्ट होईल. मग सगळे मुठीला लोंबकळून ओढतात आणि स्क्रू सैल होतात. तेव्हा लगेच रंधा मारायला लावू नका. आषाढात रंधा मारला की चैत्रात बोटभर फट दिसते. कडेला मेणबत्ती घासा, पावसाळा सरू द्या आणि दार सुकल्यावरही घासत असेल तरच थोडं तासून घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा : भोकं बुजवणं, मग कुलपाचं भोक, मग मुठी एकदा बसवून बघणं, त्या काढून पॉलिश, आणि पॉलिश पूर्ण सुकल्यावर मुठी कायमच्या. घासायला पितांबरी वापरणार असाल तर पाटीच्या भोवती कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर ती भुकटी नक्षीच्या खाचांत आणि पाटीच्या कडेला अडकते आणि निघता निघत नाही. आणि मुठींचे आरपार बोल्ट मागवण्याआधी झडपेची जाडी मुठीच्या जागीच मोजा. जुन्या दारांत ती वर-खाली सारखी नसते, आणि अर्धा इंच आखूड बोल्ट आला तर सुतार तो परत करायला देवगडला जाणार नाही, आहे त्यातच भागवेल.